जुना अस्सल ट्रक : जतन करावा की रिस्टोर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षं शेडमध्ये उभा असलेला, अंगावर कारखान्याचाच रंग असलेला ट्रक हाती आला, की त्याचं सर्वांत जास्त नुकसान पहिल्या आठवड्यात होतं. उत्साहाच्या भरात प्रेशर वॉशर मारला जातो, बॅटरी जोडून सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरवला जातो, दारावरची अर्धवट पुसलेली अक्षरं घासून काढली जातात. यातलं काहीही परत आणता येत नाही. म्हणून पहिलं काम फोटो काढण्याचं. चारही बाजू, खालून चासी, बोनेटखालची प्रत्येक नळी आणि वायर, केबिनची आतली बाजू, सगळे क्रमांक आणि पट्ट्या टिपून घ्या. दोनशे फोटो झाले तरी ते कमीच समजा.

जतन आणि रिस्टोरेशन यांत नेमका फरक काय?

जतन म्हणजे जे आहे ते आहे त्या स्थितीत टिकवणं. त्यात गंज थांबवणं, झीज मंदावणं आणि उरलेला रंग सांभाळणं येतं. रिस्टोरेशन म्हणजे हरवलेलं-बिघडलेलं बदलून ट्रक एखाद्या ठरावीक काळी, बहुधा कारखान्यातून बाहेर पडताना, जसा होता तसा पुन्हा करणं. दुरुस्ती दोन्हींत असते. व्हील सिलिंडर बदलला म्हणून जतन मोडत नाही.

जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ याने २०१२ साली तुरीन सनद मंजूर केली. तिचा रोख हस्तक्षेप कमीत कमी करण्यावर, केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर आणि नवा घातलेला भाग पुढच्या माणसाला ओळखता यावा यावर आहे. व्यवहारात यासाठी नव्या भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर पंचाने वर्ष ठोका आणि वहीत तारीख, भाग आणि कारण लिहा.

मग माझा ट्रक जपायचा की रिस्टोर करायचा, हे कसं ठरवू?

संपूर्ण ट्रकला एकच निकाल लावू नका. त्याचे चार थर करा आणि प्रत्येकाचा वेगळा विचार करा. पहिला थर जिवाशी संबंधित, म्हणजे ब्रेक, स्टेअरिंग, चाकं, इंधन आणि वायरिंग. इथे जुनेपणाला सूट नाही, सगळं पूर्ण खात्रीचं हवं. दुसरा थर चालणाऱ्या यंत्राचा, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, क्राऊन (मागच्या ॲक्सलमधले गिअर). इथे मोजमाप घेऊन गरजेपुरतं काम करावं. तिसरा सांगाड्याचा, म्हणजे चासी, केबिनची माउंटिंग, हौद्याखालचे आडवे दांडे. त्यांची ताकद गेली असेल तरच हात लावायचा. चौथा थर कातडीचा, म्हणजे रंग, अक्षरं, सीट, पायदान, काचा. इथे शक्य तितकं काहीच करू नये.

चौथ्या थराबाबत आमचं मत ठाम आहे. पत्र्यावर कारखान्याचा रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल, तर तो खरवडू नये, मग तो कितीही फिका असो. कार जपून वापरल्या गेल्या, ट्रक मात्र राबवले गेले. त्यांचे हौदे बदलले, केबिनी ब्रशने पुन्हा रंगवल्या गेल्या, काम संपल्यावर ते भंगारात गेले. म्हणून मूळ रंगातला, मूळ हौद्याचा ट्रक तितक्याच जुन्या कारपेक्षा दुर्मीळ असतो. क्लच पेडलची एका बाजूने झिजलेली कड, खिडकीवर हात टेकून उडालेला रंग, फाळक्याच्या साखळीने पाडलेली अर्धवर्तुळाकार खोच, ही त्या ट्रकने केलेल्या कामाची नोंद आहे. मालकाने त्या काळी चासीवर मारलेली रिव्हेटची पट्टीसुद्धा इतिहासच आहे. ती मजबूत असेल तर राहू द्या.

उलट रंग दोनतीनदा बदललेला, पत्र्यात सगळीकडे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली, हौदा भलत्याच ट्रकचा, अशी स्थिती असेल तर जपण्यासारखी मूळ कातडी उरलेलीच नाही. तिथे निर्धास्त रिस्टोरेशन करा.

रंग मूळचा आहे हे कसं ओळखायचं?

आधी जाडी मोजण्याचं मीटर फिरवा. कारखान्याचा रंग साधारण ७५ ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. आकडा २५० ते ३०० च्या वर गेला तर खाली दुसरा रंग असण्याचा संभव मोठा, आणि हजाराच्या पुढे गेला तर लांबी आहेच. मीटर नसेल तर कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे लांबी असते.

मग रंग जिथे ऊन लागत नाही अशा जागा बघा : डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या बिजागरीखाली, सीटखालचा पत्रा, कारखान्याच्या पट्टीच्या कडेला. थर मोजायचे असतील तर अशाच एका जागी नाण्याएवढी खिडकी उघडा. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून मधोमध पत्र्यापर्यंत जा, मग ८००, १२००, २००० असं बाहेर सरकत जा. झाडाच्या वलयांसारखी वर्तुळं दिसतात. पत्रा, प्रायमर, मूळ रंग, त्यानंतरचे सगळे.

ही घासाई कोरडी कधीही करू नका. जुन्या ट्रकांच्या रंगात आणि प्रायमरमध्ये बहुधा शिसं असतं. ओलं घासा, पी१०० फिल्टरचा मास्क घाला, चिखल कागदात गोळा करा.

रंगाची जात ओळखण्यासाठी कापसाच्या बोळ्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन झाकलेल्या जागी १० सेकंद टेकवा. नायट्रोसेल्युलोज लॅकर लगेच विरघळून बोळ्यावर येतो. इनॅमल लगेच सुटत नाही, फार तर मऊ पडतो किंवा सुरकुततो. पुढच्या साफसफाईसाठी हे कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण लॅकरवर थिनर किंवा ॲसिटोनचा फडका फिरवणं म्हणजे रंगच पुसून टाकणं.

पहिली धुलाई कशी करावी?

आधी कोरडं काम. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने धूळ, घरटी, पालापाचोळा काढा. उंदरांची घाण असेल तर झाडू नका, मास्क घालून जंतुनाशक फवारा आणि ओलं उचला. त्यानंतर ५ लिटर कोमट पाण्यात १५ मिलीच्या आसपास सौम्य, पीएच न्यूट्रल शाम्पू, दोन बादल्या, मायक्रोफायबरचं फडकं आणि वरून खाली असा क्रम. नळाचं पाणी हलक्या धारेने. प्रेशर वॉशर सुटत आलेले पापुद्रे उडवतो आणि जोडांत पाणी घुसवतो. तेच पाणी पुढे दोन वर्षांनी दाराच्या तळातून गंज होऊन बाहेर येतं.

फडक्याला ट्रकचाच रंग लागला तर घाबरू नका. वरचा थर उन्हाने खडूसारखा झालेला असतो. पण थांबा. त्या जागी दाब देऊ नका.

दारावर जुन्या नावाची पुसट अक्षरं आहेत. ती उजळता येतील का?

उजळू नका, नोंदवा. संध्याकाळी अंधारात टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरून फोटो काढा, अक्षरांच्या कडा उठून दिसतात. पत्र्यावर पाण्याचा हलका फवारा मारला की फिकी अक्षरंही काही क्षण गडद होतात, तेव्हा दुसरा फोटो. पारदर्शक कागदावर पेन्सिलीने मूळ मापाची नक्कल करून ठेवा. त्यावर पुन्हा ब्रश फिरवला की ती रंगाऱ्याच्या हातची अक्षरं राहत नाहीत, तुमच्या हातची होतात. पॉलिश तर अजिबात नको. अक्षरांचा रंग पॅनलच्या रंगावर बसलेला असतो, सर्वांत आधी तोच निघतो.

गंज किती काढावा, किती ठेवावा?

बोटाने चोळल्यावर केशरी भुकटी येते, खाली पापुद्रे आहेत, तो गंज चालू आहे. गडद तपकिरी, घट्ट, बोटाला काही न लागणारा थर स्थिरावलेला आहे. पहिला थांबवायचा, दुसऱ्याला फक्त कोरडं ठेवायचं आणि मेण लावायचं.

रंगावर उतरलेले गंजाचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. १ लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. हे विषारी आहे, मुलं आणि जनावरं लांब ठेवा. भिजवलेलं कापड डागावर १५ ते २० मिनिटं, मग भरपूर पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी आणि लगेच कोरडं. आधी लपलेल्या जागी तपासा, काही रंग यात फिके पडतात. पिवळसर थर राहिला तर धुणं कमी पडलं असं समजा.

सुटे होणारे लोखंडी भाग इलेक्ट्रोलिसिसने साफ करता येतात आणि त्यात चांगलं लोखंड झिजत नाही. प्लॅस्टिकच्या टबात दर ४ लिटर पाण्याला सपाट चमचाभर धुण्याचा सोडा, ॲनोड म्हणून साधं लोखंड, भाग ऋण टोकाला, १२ व्होल्ट आणि २ ते ५ अँपिअर, रात्रभर. तीन गोष्टी चुकल्या तर महागात पडतं. ॲनोडला स्टेनलेस स्टील वापरलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावरच करा आणि वीज बंद केल्याशिवाय क्लिप काढू नका. आणि स्प्रिंग, स्प्रिंगच्या पाट्या, कठीण पोलादाचे बोल्ट यात टाकू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात आणि पुढे भाराखाली तुटतात.

मेण चांगलं की जवसाचं तेल?

मेण. संग्रहालयांत धातूवर वापरलं जाणारं मायक्रोक्रिस्टलाईन मेण पातळ लावायचं, १० ते १५ मिनिटांनी मऊ कापडाने उजळायचं आणि वर्षातून दोनदा पुन्हा द्यायचं. ते पुढे कधीही व्हाईट स्पिरिटने काढता येतं, हा त्याचा मोठा गुण.

बॉइल्ड जवस तेल आणि टर्पेंटाईन समभाग करून लावण्याची पद्धत सर्रास आहे आणि उघड्या पत्र्यावर ती कामही करते. पण तेल वाळेपर्यंत धूळ धरतं, रंग गडद करतं आणि काही वर्षांनी कडक होऊन सहज निघत नाही. वापरलंच तर चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेटते. एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

दाराची आतली पोकळी, केबिनचे खालचे कोपरे आणि चासीचे बंद भाग यांना लॅनोलिनवर (लोकरीतल्या मेणावर) आधारलेला कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने फवारा. त्याआधी दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा. दार तळातून सडतं ते बहुतेक वेळा ही भोकं बुजल्यामुळेच.

क्लिअर कोट मारून ही स्थिती कायमची टिकवता येईल ना?

नाही. गंजाच्या आत ओलावा आणि क्षार राहतात. वरून क्लिअर मारला की ते आत कोंडतात, गंज खालून चालू राहतो आणि काही वर्षांत पापुद्रे उचलले जातात. ते निघताना खालचा मूळ रंगही सोबत नेतात. शिवाय तो मारण्यासाठी पत्रा घासावा लागतो, म्हणजे जपायचं तेच आधी कमी होतं.

वीस वर्षं बंद असलेलं इंजिन कसं जागं करावं?

सेल्फने नाही आणि ओढूनही नाही. हा भाग घाईने केला तर चांगलं इंजिनही एका मिनिटात निकामी होतं, म्हणून सविस्तर.

ऑईल सोडण्याचा बोल्ट थोडा सैल करा. आधी पाणी आलं तर हेड किंवा ब्लॉकला तडा असू शकतो, तिथेच थांबून शोध घ्या. नाहीतर ऑईल सोडून इंजिनखालचं ऑईलचं चेंबर उतरवा. जुन्या नॉन-डिटर्जंट ऑईलने तळाला बोटभर काळा गाळ साठवलेला असतो. तो तसाच ठेवून नवं डिटर्जंट ऑईल भरलं की गाळ सुटतो, जाळीवर बसतो आणि बेअरिंगला ऑईल मिळत नाही.

प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं ऑईल आणि ॲसिटोन समभाग करून ३० ते ५० मिली घाला. हे मिश्रण सांडलं तर रंग खातं, म्हणून मडगार्डवर चादर टाका. दोनतीन दिवसांनी पुन्हा घाला. आठवड्याने गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या पुलीचा नट किंवा हँडल वापरून हलकं मागेपुढे करा. अंशभर जरी हललं तरी काम होतंय. लांब पाइप लावून जोर केला तर पिस्टनची रिंग किंवा कनेक्टिंग रॉड जातो.

इंजिन फिरायला लागलं म्हणजे झालं असं नाही. आता व्हॉल्व्ह बघा. साईड व्हॉल्व्ह इंजिनात टॅपेटचं झाकण काढून प्रत्येक व्हॉल्व्ह खाली परत येतो का ते पाहा. ओव्हरहेड व्हॉल्व्हमध्ये एखादा अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो. अडकलेल्याला केरोसीन आणि पातळ ऑईल देऊन हळूहळू मोकळं करा.

चेंबर साफ करून बसवा, नवं ऑईल भरा, प्लग काढलेलेच ठेवून सेल्फ १० ते १५ सेकंदांच्या टप्प्यांत फिरवा. गेजवर दाब आल्याशिवाय स्पार्क द्यायचा नाही. इथे आपल्या इंजिनाची पुस्तिका वाचलेली हवी. उदाहरणार्थ, शेवरलेच्या २१६ घनइंची सहा सिलिंडर इंजिनात रॉडच्या बेअरिंगला डिपर (ऑईलमध्ये बुडणारे छोटे चमचे) आणि ऑईलच्या धारांनी वंगण मिळतं, तिथे चालताना चौरस इंचाला साधारण १४ पौंडांचा दाब नेहमीचा असतो. हे ठाऊक नसलेला माणूस चांगलं इंजिन उगाच उघडतो.

पेट्रोलची जुनी टाकी जोडू नका. ५ लिटरची तात्पुरती टाकी आणि नवा फिल्टर लावून पहिलं स्टार्ट करा, शेजारी अग्निशामक ठेवा. गरम झाल्यावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. सगळ्या सिलिंडरमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडण्याचं कारण नाही. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

कोणतं ऑईल घालू?

सपाट टॅपेटच्या इंजिनाला झिंक हवं, साधारण १००० ते १२०० पीपीएम. अनेक आधुनिक ऑईलमध्ये ते याहून कमी असतं. गिअरबॉक्समध्ये पितळ किंवा ब्राँझचे सिंक्रो आणि बुश असतील तर जीएल-४ प्रतीचं गिअर ऑईल वापरा. जीएल-५ मधली गंधकाची द्रव्यं पिवळ्या धातूला खाऊ शकतात. क्राऊनमध्ये काय चालेल हे गिअरच्या प्रकारावर ठरतं, पुस्तिका पाहा.

ब्रेक चालतात. तरी उघडायला हवेत का?

होय, सगळे. जुन्या ट्रकांतल्या हायड्रॉलिक ब्रेकचं मास्टर सिलिंडर बहुधा एकाच सर्किटचं असतं. एक जुनी नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. उभ्या ट्रकमध्ये पेडल घट्ट लागलं तरी त्यावर भरवसा ठेवू नका.

रबरी होज बाहेरून ठीक दिसतात पण आतून फुगलेले असतात, ते पाहत न बसता बदला. पोलादी नळ्यांच्या जागी तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या घाला, त्या गंजत नाहीत. व्हील सिलिंडर हलक्या होनिंगने साफ झाला तर ठीक, नखाला खड्डा जाणवला तर आत स्लीव्ह (नवी नळी) बसवा. मूळ सिलिंडर त्यामुळे गाडीवरच राहतो. ड्रम कितपत तासता येईल याची मर्यादा पुस्तिकेत मिळते, त्यापुढे ड्रम तडकतो.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. हवेचा झोत मारू नका, साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा आणि ते फडकं पिशवीत बंद करा. आणखी एक, जतनाच्या दृष्टीने : डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक फ्लुइड रंग काढतं. थेंब पडला तर पुसू नका, लगेच पाणी ओता. डॉट ५ सिलिकॉन रंगाला काही करत नाही, पण ते आधीच्या फ्लुइडमध्ये मिसळायचं नाही. सगळी व्यवस्था नवी असेल तरच ते भरा. डॉट ३ आणि ४ हवेतलं पाणी शोषतं, दर दोन वर्षांनी बदला.

लॉक रिंगची जुनी चाकं वापरता येतील का?

चांगल्या स्थितीत असतील तर येतील, पण या ट्रकवर माणूस मारण्याची ताकद असलेला भाग कोणता विचाराल तर हाच. टायरला रिमवर धरून ठेवणारी सुटी लोखंडी रिंग नीट न बसता हवा भरली तर ती गोळीसारखी सुटते.

चाकाचे नट सोडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडा. मागे जोडचाक असेल तर दोन्ही टायरची. रिंग बसते त्या खाचेत गंजाचे पापुद्रे, रिंगेला वाकडेपणा किंवा तडा असेल तर ते भाग बाद. वेगवेगळ्या कंपन्यांचे किंवा मापांचे भाग एकमेकांत बसताहेत असं वाटलं तरी जुळवू नका. हवा नेहमी लोखंडी पिंजऱ्यात, क्लिपने अडकणारी लांब नळी लावून, समोर उभं न राहता भरा. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेलं टायर उतरवून तपासल्याशिवाय पुन्हा भरायचं नाही. रिमच्या मधोमध दोन तुकड्यांत उघडणाऱ्या प्रकाराची चाकं मात्र वापरातूनच काढा.

नट सुटत नसेल तर जोर करण्याआधी स्टडच्या टोकाकडे बघा. अनेक ट्रकना डाव्या बाजूला डावे आटे असतात, टोकावर बहुधा ‘एल’ कोरलेलं असतं. मूळ टायरची नक्षी चांगली असली तरी १० वर्षांपुढचं रबर रस्त्यावर नको. ते प्रदर्शनासाठी वेगळं ठेवा.

वायरिंग ६ व्होल्टचंच ठेवावं की १२ करावं?

६ व्होल्ट नीट असेल तर पुरेसं असतं. तक्रारी येतात त्या बहुतेक पातळ केबलमुळे. ४५ वॉटचा दिवा १२ व्होल्टला पावणेचार अँपिअर घेतो, ६ व्होल्टला साडेसात. सेल्फच्या केबलचंही तसंच. दुकानात मिळणारी साधी १२ व्होल्टची बॅटरी केबल ६ व्होल्टला कमी पडते, किमान ५० चौरस मिमीची लावा. अर्थिंगच्या जागा झिलईपर्यंत साफ करा आणि इंजिनपासून चासीला वेगळी पट्टी द्या. एवढ्याने ‘सेल्फ मंद फिरतो’ ही तक्रार बहुधा संपते.

बॅटरी जोडण्यापूर्वी कोणतं टोक अर्थ आहे ते बघा. अनेक जुन्या ट्रकांत धन टोक चासीला असतं.

कापडी वेष्टनाच्या वायरी ही जतनातली अवघड जागा. वरचं कापड सुंदर दिसतं, आतलं रबर हात लावताच चुरा होतं, आणि अनेक ट्रकांत एकही फ्यूज नसतो. अशा वायरीत वीज सोडू नये. आत आधुनिक इन्सुलेशन आणि बाहेर तशाच विणीचं कापड असलेली वायरींची नवी माळ करून घ्या. जुनी माळ प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून गुंडाळून ठेवा. बॅटरीजवळ मुख्य फ्यूज आणि कट-ऑफ स्विच घाला. यासाठी चासीला नवीन भोक पाडू नका, असलेल्या बोल्टखाली पट्टी बसवा.

हौद्याच्या फळ्या कुजल्या आहेत. सगळ्या बदलू का?

टोचणीने तपासा. टोक ५ मिमीपेक्षा आत सहज गेलं तर तिथलं लाकूड गेलं. बाकीच्या फळ्या राहू द्या. कीड असेल तर बोरेटचं द्रावण दोन हात. लाकूड पूर्ण वाळल्यावर, म्हणजे ओलावा १२ ते १५ टक्क्यांवर आल्यावर, मऊ जागा पातळ इपॉक्सीने घट्ट करा. ओल्या लाकडावर इपॉक्सी किंवा व्हार्निश दिलं तर ते आतून कुजतं. बदललेली फळी त्याच जातीच्या लाकडाची, तेवढ्याच जाडीची घ्या, पण तिला खोटा जुनेपणा देऊ नका. दोन पावसाळ्यांत ती आपसूक मिसळते.

१९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक केबिनींत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो. दार खाली झुकलं असेल तर बिजागरी वाकवण्याआधी हे लाकूड तपासा.

केबिनचे कोपरे सडले आहेत, बाकी रंग मूळचा आहे. मधला मार्ग?

फक्त सडलेला तुकडा कापा, चांगल्या पत्र्यात फार आत शिरू नका. तेवढ्याच जाडीचा पत्रा, टोकाला टोक भिडवून, एका जागी १ सेकंदाचे टाके, प्रत्येक टाक्यानंतर थंड होऊ देत. सलग वेल्ड मारला तर पत्रा लाटेसारखा वाकतो आणि चार बोटांपर्यंतचा मूळ रंग जळतो. कडेला ओली चिंधी किंवा उष्णतारोधक पेस्ट लावली तर जळणं कमी होतं. मागच्या बाजूने प्रायमर आणि कॅव्हिटी वॅक्स विसरू नका. वेल्डच्या मागे काहीच न लावणं ही सर्वांत नेहमीची चूक. जुळवलेला रंग त्या तुकड्यावरच थांबवा, पूर्ण पॅनलवर पसरवू नका.

रिस्टोरेशनच करायचं ठरलं, तर काय सांभाळावं?

खोलण्याची शिस्त. प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसकट. बोल्टच्या डोक्यांवर त्या काळच्या कारखान्यांच्या खुणा असतात, ते साफ करून परत वापरा. कारखान्याची पट्टी आणि चासी क्रमांक घासू नका, रंगाखाली बुजवू नका.

चासीला ब्लास्टिंग (दाबाने कणांचा मारा) चालतं. बोनेट, दार, छप्पर यांना नाही. जोरदार माऱ्याने पातळ पत्रा ताणला जाऊन फुगतो आणि पुन्हा सपाट होत नाही. त्यांना रासायनिक स्ट्रिपर किंवा कमी दाबाचा सोडा वापरा. वाळूची धूळ फुफ्फुसं कायमची निकामी करते, म्हणून सिलिका असलेली वाळू कुठेच नको.

आणि आरशासारखा रंग करू नका. हे ट्रक कामासाठी बनले होते. कारखान्यातून ते संत्र्याच्या सालीसारख्या पोताचे, खालच्या बाजूला अर्धवट फवारलेले, कधी ओघळ आलेले निघत. खोलताना सापडलेले ओघळ आणि खडूच्या खुणा फोटोत टिपा आणि तशाच परत करा.

फाटलेली सीट?

मूळ रेग्झिन काढू नका. खालून कापड लावून फाटक्या कडा धरा, स्प्रिंगवर नवा कापूस किंवा काथ्या द्या आणि चालवताना वरून सैल खोळ घाला.

रिस्टोर केल्यावर मोल वाढतं का?

खर्च वसूल होईल असं गृहीत धरू नका. व्यावसायिक ट्रकचं पूर्ण रिस्टोरेशन बहुधा ट्रकच्या मोलापेक्षा महाग पडतं. मूळ रंगातला चालता ट्रक मात्र जाणकारांना जास्त हवा असतो.

तयार झाल्यावर ठेवायचा कसा?

छपराखाली, हवा खेळती, सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नका, रात्री तिच्या आत दव धरतं. श्वास घेणारं सुती आवरण चालेल. काँक्रीट कोरडं नसेल तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, ते जमिनीतली ओल अडवतं. तीन महिन्यांहून जास्त उभा राहणार असेल तर ॲक्सलखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, बॅटरी काढा आणि कार्बोरेटर रिकामा करा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं आणि जुनं रबर व कॉर्कची पॅकिंग खराब करतं. धुराड्याचं तोंड आणि हवेचा फिल्टर जाळीने बंद करा आणि तशी चिठ्ठी स्टेअरिंगला बांधा, नाहीतर पुढच्या वेळी ती काढायची राहते.

महिन्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करणं हे काहीही न करण्यापेक्षा वाईट. इंजिन पुरतं तापत नाही आणि जळण्यातून आलेलं पाणी ऑईलमध्ये व सायलेन्सरमध्ये राहतं. चालवायचाच तर पाऊण तास रस्त्यावर चालवा, तोही गिअर आणि ब्रेक वापरत. परत आल्यावर चाकांच्या हबला हात लावून बघा. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ब्रेक शू अडकलाय किंवा बेअरिंग घट्ट आहे, तो ड्रम त्याच दिवशी उघडा.